गरिबाची बाजू कोण मांडणार?

कोर्टाचा बेलीफ गावात आला की काय होते, हे तुम्हा मंडळींना मी सांगायला नको. तो पारापाशी गाडी उभी करतो, अमक्याचे घर कुठले म्हणून विचारतो, आणि तो घरापर्यंत पोचायच्या आत बातमी तिथे पोचलेली असते. कर्ता माणूस मागच्या दाराने शेताकडे निघून जातो. बायामाणसे आतूनच सांगतात, "घरात कुणी न्हाई." कागद घेतला नाही म्हणजे दावा लागला नाही, अशी आपली एक जुनी समजूत आहे. आणि चुकून घेतलाच, तर तो वाशाला खोचला जातो, नाही तर देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या डबीखाली जातो. देव बघून घेईल!

ही समजूत फार महाग पडते. समन्स घ्यायला नकार दिला, तर बेलीफ त्याची प्रत दाराला डकवतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. मग समन्स रीतसर बजावले गेले, असे कोर्ट धरून चालते. ठरल्या तारखेला पुकारा होतो. वादी हजर, वादीचा वकील हजर, प्रतिवादी गैरहजर. न्यायाधीशापुढे एकच बाजू आलेली असते. ती कागदोपत्री ठाकठीक दिसली, की निकाल तिच्यासारखा लागतो. यालाच एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. यात न्यायाधीशाने लबाडी केली असे नव्हे. दुसरी बाजू त्याच्या कानावर गेलीच नाही, एवढेच.

तुम्ही म्हणाल, हजर राहायला सांगणे सोपे आहे. पण हजर राहून करायचे काय? वकील द्यायला पैसा कुठला? प्रश्न बरोबर आहे, आणि या लेखात त्याचेच उत्तर द्यायचे आहे. ज्याची ऐपत नाही, त्याला वकील देण्याची जबाबदारी आपल्या देशात सरकारवर आहे. ही दया नव्हे आणि कुणाचा उपकारही नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. परंतु हा हक्क ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्याच पुष्कळांना त्याची खबर नसते.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करीत होतो तेव्हाची. एके दिवशी सकाळी एक म्हातारी बाई आपल्या गावच्या शाळेतल्या गुरुजींबरोबर माझ्याकडे आली. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. दोन एकर कोरडवाहू जमीन, तिच्यावरच पोट. दिराने त्या जमिनीवर दावा लावला होता. समन्स आले तेव्हा ती खुरपणीला गेली होती. घरात बारा वर्षांचा नातू होता. बेलीफाने कागद त्याच्या हाती दिला, त्याने तो दप्तरात ठेवला, आणि दप्तरातून तो कुठे गेला हे त्या पोरालाही आठवेना. पाच महिन्यांनी जमिनीचा ताबा घ्यायला माणसे आली, तेव्हा आजीला कळले की दावा लागला होता, निकालही झाला होता, आणि आपण हरलो होतो.

"दादा," ती मला म्हणाली, "म्या तर कोर्टाची पायरीबी चढली न्हाई. मग हरले कशी?"

या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो.

पण कायद्यात उत्तर होते. दिवाणी प्रक्रियेच्या नियमाप्रमाणे प्रतिवादी घरी सापडला नाही, तर समन्स त्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ माणसाकडे देता येते, मग तो पुरुष असो की स्त्री. बारा वर्षांचा मुलगा प्रौढ नव्हे. म्हणजे समन्स रीतसर बजावलेच गेले नव्हते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याचा अर्ज एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवसांत करावा लागतो. पण समन्स नीट बजावले गेले नसेल, तर हे तीस दिवस माणसाला हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून मोजतात. गुरुजी तिला चौथ्याच दिवशी घेऊन आले होते. मी तिला न्यायालयाच्या आवारातच असलेल्या तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात नेले. तिथे अर्ज लिहून घेतला, वकील नेमून मिळाला, ताब्याला स्थगिती मिळाली, आणि पुढे तो हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्यात आजी जिंकली की हरली, ही वेगळी गोष्ट. तिचे म्हणणे आता ऐकले जाणार होते.

गुरुजींनी आणखी महिनाभर उशीर केला असता, तर तीच आजी, तेच कायदे, आणि जमीन मात्र गेली असती.

आता थोडे मागे जाऊ. ही एकतर्फी निकालाची व्यथा आजकालची नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. हे दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत, आणि शिक्षक मंडळी ते वर्गात शिकवतातही. पण त्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. लोकांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांना कागद हवे होते. कर्जरोखे, खाती, कोर्टाचे हुकूमनामे हे सारे मागून घेऊन ते जाळण्यात आले. अडाणी कुळ अंगठा उठवी, सावकार कोर्टात जाई, कुळ तारखेला जाऊ शकत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. शेताला जप्ती लागली म्हणजे मग त्याला कळे. शेतकऱ्याच्या दृष्टीने न्यायालय आणि सावकार यांत फरक उरला नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही कोर्टकचेरीच्या पायी शेतकरी कसा नागवला जातो याचे वर्णन आहे.

दंग्यांची चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक खास कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्याने बंद केले. कर्जाच्या व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास कोर्टाने तपासावा, असे सांगितले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुष्कळ काम केले. याच कायद्यात एक लहानसे कलम होते, त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. समोरच्या पक्षाने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसेल, तर कोर्टाने सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूने उभे राहायला सांगावे, अशी त्यात सोय होती. गरिबाची बाजू मांडणे हे सरकारचे काम असू शकते, हा विचार आपल्याच मातीत, दंग्यांच्या धगीतून, इतका जुना निघालेला आहे.

पण तो विचार त्या कायद्यापुरताच राहिला. एरवी गरिबाला दोनच वाटा होत्या. एक, नादारीचा अर्ज. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, कोर्ट फी भरण्याची ऐपत नाही हे दाखवून दिले, तर फी न भरता दावा लावता येत असे. ही सोय आजही आहे. परंतु फी माफ झाली म्हणून वकील मिळतो असे नव्हते. नादाराला कोर्टाने वकील नेमून द्यावा, हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. दुसरी वाट म्हणजे कुणा भल्या वकिलाचे पाय धरणे. असे वकील आपल्याकडे होऊन गेले, यात शंका नाही. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेतले. सरकारविरुद्ध बंड करणाऱ्याच्या बाजूने उभे राहायला त्या वेळी काळीज लागत असे. पण प्रत्येक तालुक्याला सार्वजनिक काका कुठून मिळणार? हक्क हा कुणाच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारदरबारी नीट मांडला गेला. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गरिबांना कायद्याची मदत देण्यासाठी राज्य, जिल्हा आणि तालुका अशा पायऱ्यांनी समित्या असाव्यात, असे तिने सुचवले. सूचना उत्तम होती, पण पैसा नव्हता, आणि अहवाल कपाटात गेला. १९५८ साली सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात पुन्हा बजावले की, गरिबाला कायद्याची मदत देणे ही किरकोळ सोयीची बाब नाही, ती न्यायाच्या मुळाशी आहे. १९६० साली केंद्र सरकारने एक योजना आखून राज्यांपुढे ठेवली; राज्यांनी तिजोरीकडे बोट दाखवले. या काळचे हे कागद वाचताना मनात येते, की न्यायाधीशांचे पगार, कोर्टाच्या इमारती, तुरुंगाच्या भिंती यांना पैसा मिळतोच. अडतो तो फक्त इथेच.

पुढे सत्तरीच्या दशकात चक्रे फिरली. न्यायमूर्ती एन. एच. भगवतींचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी गुजरातेत या विषयाच्या समितीचे काम केले. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. आणि १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत ३९-अ हे नवे कलम आले. पैशाच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही अडचणीपायी कुणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेविषयक मदतीची व्यवस्था करावी, असा त्याचा आशय.

शिक्षकांसाठी इथे एक खुलासा. हे कलम राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे सरकारने कोणत्या दिशेने जावे त्याचा निर्देश. ते पाळले नाही म्हणून नुसत्या त्याच्याच आधारे कोर्टात जाता येत नाही. मूलभूत हक्काचे तसे नाही. तो मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. मग वकील मिळणे हे नुसते तत्त्व की हक्क? याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने काही खटल्यांत केला, आणि त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

पहिला १९७८ चा होसकोट खटला. बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एका सुशिक्षित माणसाला तीन वर्षांची शिक्षा दिली होती. निकालाची नक्कल आपल्याला तुरुंगात मिळालीच नाही, म्हणून वरच्या कोर्टात वेळेवर जाता आले नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला काही सोडले नाही. तरीसुद्धा न्यायालयाने सांगितले, की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि अपील करण्यासाठी त्याला वकील लागत असेल तर तो राज्याने दिला पाहिजे. माणूस दोषी असला तरी त्याचा हा हक्क जात नाही, हे यातून पक्के झाले.

दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचा हुसैनारा खातून खटला आला. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याची पुरती शिक्षा भोगून झाली असती, त्याहूनही जास्त काळ कित्येक माणसे खटला सुरू होण्याची वाट पाहत आत बसून होती. जामीन द्यायला पैसा नाही, सांगायला वकील नाही. मोफत वकील मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. इथे तत्त्वाचा हक्क झाला. १९८१ साली भागलपूरच्या खत्री खटल्यात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, आणि आरोपीला हा हक्क आहे हे त्याला सांगण्याची जबाबदारी दंडाधिकाऱ्याची आहे. तिजोरीची जी सबब वीस वर्षांपूर्वी चालून गेली होती, ती आता बंद झाली.

महाराष्ट्रातला दुसरा खटला १९८३ चा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि त्या पत्रालाच अर्ज मानून न्यायालयाने आदेश दिले. त्यांतला आपल्या विषयाचा आदेश असा, की कुणालाही अटक करून कोठडीत आणले, की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदेशीर मदत समितीला कळवावे. हा आदेश लक्षात ठेवा. गावातल्या एखाद्या पोराला पोलिसांनी नेले, तर ठाण्यावर जाऊन नम्रपणे पण स्पष्टपणे विचारता येते: "विधी सेवा समितीला कळवले का, साहेब?" हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

या सगळ्याला एक कायम घर मिळाले ते विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. कायदा १९८७ साली मंजूर झाला, आणि अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मधली आठ वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात पडून होता! आज राज्याला महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात तिथल्या वरिष्ठ न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तालुका विधी सेवा समिती आहे. १९४९ च्या समितीने सुचवलेल्या पायऱ्या त्या ह्याच.

आता कामाचे बोलू. हा मोफत वकील कुणाला मिळतो?

स्त्रीला मिळतो. तिचे उत्पन्न किती, नवऱ्याच्या नावावर किती जमीन, हे काहीही न पाहता. हे मी मुद्दाम पहिल्याने सांगतो, कारण ते ऐकले की पुष्कळांना खरे वाटत नाही. मुलांना मिळतो. अनुसूचित जातीच्या आणि जमातीच्या माणसाला मिळतो. तिथेही उत्पन्नाची अट नाही. अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला, वेठबिगारीत किंवा माणसांच्या खरेदी-विक्रीत सापडलेल्याला, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा संकटात सापडलेल्याला मिळतो. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या कुणालाही मिळतो. आणि या कशातही न बसणारा, पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न राज्य सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्यालाही मिळतो. ही मर्यादा महाराष्ट्रात तीन लाख रुपये ठरवलेली आहे. सरकार ती बदलू शकते, म्हणून अर्ज करताना विचारून घ्यावे.

उत्पन्नाच्या दाखल्यापायी पुष्कळ लोक अडतात. तलाठी भेटत नाही, तहसील कार्यालयात गर्दी, आणि तोवर तारीख निघून जाते. कायद्याचे म्हणणे असे, की अर्जदाराने उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र केले तर तेवढे पुरेसे मानता येते. अविश्वास ठेवायला काही कारण असेल तरच पुढे चौकशी. तेव्हा दाखल्याची वाट पाहत घरी बसू नये.

आणखी एक गैरसमज आहे. ही मदत फक्त मोठ्या कोर्टासाठी, असे लोकांना वाटते. कायद्यात न्यायालय या शब्दात दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांबरोबर महसुली न्यायालयेही येतात. म्हणजे तहसीलदारापुढे वहिवाटीच्या रस्त्याचे प्रकरण चालू असेल, तर तिथेही ही मदत मागता येते. आणि खटला उभा राहण्याआधी नुसता सल्ला हवा असेल, तरी तो या सेवेत मोडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो ना, मग न चढता सुटेल का हे विचारायलासुद्धा याच दारात जावे.

अर्ज साधा असतो आणि मराठीत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे कार्यालयातली माणसे लिहून घेतात. त्यांना मदत करायला गावोगावचे विधी स्वयंसेवक असतात. हा उपक्रम २००९ पासून चालू आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. अर्ज नाकारला गेला, तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. जाताना समन्स किंवा जी काही नोटीस आली असेल ती, ज्या पाकिटातून आली ते पाकीट, जमिनीचे प्रकरण असल्यास सातबारा आणि फेरफार, आणि ओळखीचा एखादा कागद एवढे बरोबर न्यावे. पाकीट फेकू नका. कागद कधी आला, हे पुष्कळदा त्याच्यावरच्या शिक्क्यावरून ठरते.

इथवर ऐकून पारावरचा एखादा जाणता म्हातारा म्हणेल, "फुकटचा वकील तो, कसला भांडणार?" या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सरकार या वकिलांना जे मानधन देते ते बेताचे असते, आणि ते हाती यायलाही उशीर होतो. काही जण हे काम मनापासून करतात, काही जण पाटी टाकतात. खाजगी वकिलांतही दोन्ही प्रकार आहेत. पण गरिबाला बदलून घेण्याची ताकद नसते, म्हणून त्याला हे जास्त लागते. यासाठी २०१० च्या नियमांत काही तरतुदी आहेत. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही मागता कामा नये. कामावर लक्ष ठेवायला देखरेख समिती असते. वकील तारखेला येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर तसे लिहून द्यावे. दुसरा वकील मागता येतो. मी असे कितीतरी पक्षकार पाहिले, की जे या वकिलापुढे हात जोडून उभे असतात आणि त्याला काही विचारत नाहीत, कारण तो फुकट आहे. त्याचे मानधन जनतेच्या पैशातून जाते, आणि त्या जनतेत तुम्ही आहात. तेव्हा पुढची तारीख कधी, आपण काय लिहून दिले, याची चौकशी करावी, नक्कल मागावी. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी लोक अभिरक्षक नावाने पूर्ण वेळ काम करणारे वकील नेमण्याची पद्धत सुरू झाली आहे. तिच्यामुळे आरोपीची बाजू मांडणारा माणूसही सरकारी वकिलासारखा रोज कोर्टात हजर राहू लागेल, ही चांगली गोष्ट आहे.

लोक अदालतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तडजोडीने भांडण मिटवण्याची ही रीत आपल्या गावपंचायतीच्या वळणाची आहे. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि वर्षानुवर्षांच्या खेपा वाचतात. हे सारे खरे. पण एक ध्यानात ठेवा: तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही किंवा अंगठा करण्याआधी मजकूर वाचून घ्यावा, आपल्या वकिलाला विचारावे. तडजोड म्हणजे दोघांची राजीखुशी. पटत नसेल तर नाही म्हणावे. प्रकरण होते त्या कोर्टात परत जाते, त्याने तुमचे काही बिघडत नाही. आकडा वाढावा म्हणून माणसाला तडजोडीला भरीला घालणे मला पसंत नाही. विशेषतः पोटगी मागणाऱ्या बाईला "घे थोडं आणि मिटव" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते सगळेच तिचे हितचिंतक असतात असे नाही.

शेवटी शिक्षक मंडळींकडे वळतो. गावात इंग्रजी किंवा सरकारी मराठी कागद आला की तो आजही तुमच्याकडे वाचायला येतो. कायदा सांगा असे मी म्हणत नाही. तो वकिलाने सांगावा. तुम्ही कागदावरच्या तीन गोष्टी बघायच्या: कुठल्या कोर्टाचा, कुठल्या तारखेला हजर राहायचे, आणि तो घरात कुणाच्या हाती कधी पडला. समन्स मिळाल्यापासून प्रतिवादीला आपली कैफियत देण्यासाठी साधारण तीस दिवस असतात. कोर्ट कारण पाहून नव्वद दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. दिवाणी दाव्याचा निकाल विरुद्ध गेला, तर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस. ही मुदत मिळाल्या कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून द्या. आणि कागद घेऊन येणाऱ्याला त्याच आठवड्यात, जमल्यास दुसऱ्याच दिवशी, तालुक्याला धाडा.

मघाच्या आजीची एक आठवण राहिली. हुकूमनामा रद्द झाला त्या दिवशी ती कोर्टाबाहेर बाकावर बसली होती. नेमलेल्या वकिलाने तिला पुढची तारीख सांगितली. तिने ती नातवाकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतली, चिठ्ठीची घडी करून लुगड्याच्या ओच्यात खोवली, आणि मला विचारले, "दादा, आता त्या दिशी मला बोलू देतील न्हवं?"

"देतील," मी म्हटले, "साक्षीला उभ्या राहाल तेव्हा तुम्हालाच बोलायचं आहे, आजी."

त्यानंतरची एकही तारीख तिने चुकवली नाही.